दक्षिणेच्या घराचं दार

दत्ता,

दार उघडलं. विटा काढल्या, चौकट जागेवरच होती, उंबरा तेवढा नवा बसवायचा आहे. दक्षिणेच्या घरात आता रस्त्यावरून थेट जाता येतं. ही बातमी तुला आधी द्यायला हवी होती. पण ज्या कारणानं दार उघडलं, ते कारण तूच होतास.

परवा तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले. मला वाटलं होतं, हे लिहायला बसेन तेव्हा हात जड होईल. तसं झालं नाही. वाईट वाटतंय ते वाटतंयच, पण त्याच्या शेजारी दुसरं काहीतरी येऊन बसलंय आणि त्याला सुटका हाच शब्द आहे. तुझ्यापासून ते लपवण्यात अर्थ नाही. ताज्या रंगाखालची ओल तुला वासावरून कळायची.

खरंच कळायची. बाजारतळाजवळचं ते पहिलं घर घ्यायला गेलो, तेव्हा मालक मला फरशी दाखवत होता आणि तू भिंतीला नाक लावून उभा होतास. मालक गोंधळला. तू माझ्या कानात म्हणालास, "रंग कालचा हाय बे. खाली खार फुटलाय." पुढं तेच घर तू घेतलंस, कारण ज्या घराचा रोग कळला ते घर तुला आवडायचं. शाळेतली प्रयोगशाळा बंद झाली की तू सायकल काढायचास आणि अंधार पडेपर्यंत भिंती खरवडायचास. शाळेत तू परीक्षानळ्या धुवायचास, इथं भिंती. शालन वहिनी म्हणायच्या, "ह्यांच्या अंगाला आधी आम्लाचा वास यायचा, आता चुन्याचा येतोय. माणसाचा कधी येणार?"

ते घर विकायची वेळ आली तेव्हा आपला पहिला वाद झाला. मागच्या खोलीत पुन्हा ओल दिसत होती. मी म्हणालो, रंग मार आणि दे. तू म्हणालास, "गिऱ्हाईकाला बी नाक असतंय." आणि सगळा गिलावा काढून नवा केलास. त्यात आलेलं गिऱ्हाईक गेलं. दुसरं यायला पाऊसकाळ उलटला. तुझ्या धंद्याची हीच तऱ्हा होती. घर विकायला घ्यायचं आणि विकताना त्याची इतकी सेवा करायची की विकणंच मागं पडायचं.

भाड्यानं द्यायचं मात्र तुला जमलं. गेवराईत घर बघायला येणारा माणूस आधी छतावर चढतो. खोल्या किती, स्वयंपाकघर केवढं, हे नंतर. आधी टाकी. नळाला पाणी येतं तेव्हा येतं, मधल्या दिवसांचं काय, हा इथला खरा प्रश्न. तू हे पहिल्याच वर्षी ओळखलंस. घर रिकामं असलं तरी टाकी काठोकाठ भरलेली ठेवायचास. माणूस आला की काही न बोलता मोरीतला नळ सोडायचास आणि ते धो धो पाणी त्याला थोडा वेळ बघू द्यायचास. "घर दावायचं नसतंय बे. पाणी दावायचं." नर्सबाई, बँकेतला कारकून, दिंद्रुडहून शिकायला आलेली पोरं, सगळी त्या नळासमोर पाघळली.

आणि तुझी ती खिळ्यांची अट. भिंतीत खिळा मारायचा नाही. त्याऐवजी तू प्रत्येक खोलीत लाकडी पट्टी लावून आकडे बसवून दिलेस. भाडेकरूंनी त्या एकाच पट्टीवर देवापासून बनियनपर्यंत सगळं टांगलं. नर्सबाईंनी तुला विचारलं होतं, "भाऊ, कॅलेंडरला तरी परवानगी हाय का, का महिना तोंडपाठ करू?" तू हसला नाहीस. दुसऱ्या दिवशी आणखी एक आकडा बसवून आलास.

हे सगळं करून तू संध्याकाळी घरी जायचास ते उत्तमरावांच्या दोन खोल्यांत. भाड्याच्या. आपण तिघांनीही ही गोष्ट इतकी वर्षं पाहिली की तिच्यातलं विचित्रपण दिसेनासं झालं. तुझं घर तयार झालं की त्यात भाडेकरू जायचा, नाहीतर गिऱ्हाईक. तू उत्तमरावांकडेच. त्यांच्याबद्दलची तुझी गाऱ्हाणी मला पाठ आहेत. "लई कंजूस माणूस. छत गळतंय म्हणून कवापासून सांगतोय." मी म्हणायचो, "तुझे भाडेकरूही तुझ्याबद्दल हेच म्हणतात." तू म्हणायचास, "ते खोटं बोलत्यात."

वहिनींनी तुझ्या तिन्ही घरांत दूध उतू घातलं. वास्तुशांत झाली की नव्या स्वयंपाकघरात गॅस पेटायचा, पातेलं ठेवलं जायचं, दूध पूर्वेकडून उतू गेलं की सगळे समाधानानं मान हलवायचे. मग पातेलं घासून पिशवीत आणि वहिनी परत उत्तमरावांकडे. त्या घरात दुसरा स्वयंपाक त्यांनी कधी केला नाही. तिसऱ्या वेळी पातेलं घासताना त्या म्हणाल्या होत्या, "दुधाला तेवढी सगळी घरं ठावी झाली." तू बाहेर सुताराशी बोलत होतास. ऐकलं नसावंस.

ते तिसरं घर म्हणजे दक्षिणेचं. रस्त्यावर, भक्कम बांधणीचं, सागवानी चौकटीचं, आणि तोंड नेमकं दक्षिणेला. म्हणूनच स्वस्तात मिळालं. तू खूश होतास. "दिशेला काय पाय असत्यात का बे, चावायला यायला?" असं काहीतरी म्हणाला होतास. पाय आणि चावणं यांचा संबंध मी विचारला नाही.

घर नीट झालं, रंग झाला, टाकी भरली. गिऱ्हाईकं आणायचं काम रफिकभाईंचं. तुझ्या तिन्ही घरांचे व्यवहार त्यांनीच बघितले. ते दमले. "दत्ताभाऊ, गिऱ्हाईक येतंय, दारात उभं ऱ्हातंय, मोबाईलमधलं होकायंत्र काढतंय अन् माझा चहा पिऊन जातंय. पाणी बघायला आत बी येत न्हाई." आधी लोकांना दिशा सांगायला कुणीतरी लागायचं. आता प्रत्येकाच्या खिशात आहे. ज्या दारात उभं राहून माणूस मोबाईल सपाट धरतो आणि हळूच गोल फिरतो, त्या दारात उभं राहून त्याच्याकडे बघत राहणं किती अवघड असतं, हे मी रविवारी रविवारी तुझ्याबरोबर शिकलो.

तेव्हा वहिनी पहिल्यांदा उघड बोलल्या. उत्तमरावांच्या ओसरीत आपण बसलो होतो.

"मंग आपणच जाऊ की ऱ्हायला. मला कुठली बी दिशा चालती."

तू म्हणालास, "आपण ऱ्हायलो की ते इकायचा माल ऱ्हात न्हाई. मंग ते नुस्तं घर झालं."

"मला नुस्तंच पायजे."

तू विषय बदललास. मी तुझ्या बाजूनं बोललो नाही आणि त्यांच्याही नाही. चहा संपवला.

आणि मग तू ते केलंस, जे फक्त तूच करू शकत होतास. दक्षिणेचं दार विटांनी बुजवलंस आणि पूर्वेच्या भिंतीत नवं दार पाडलंस. पूर्वेला शेजारच्या भिंतीपर्यंत एक बोळ होता. समोरून कुणी आलं तर एकानं मागं सरायचं, एवढा. मी म्हणालो, माणसं रस्त्यानं येणार आणि दार बोळात, याला काही अर्थ आहे का. तू म्हणालास, "दार माणसासाठी नसतंय. गिऱ्हाईकासाठी असतंय." मोबाईलचा काटा आता पूर्व दाखवत होता. तू एवढा समाधानी मला क्वचित दिसलास.

पहिले भाडेकरू कॉलेजातले एक सर आले. त्यांचं लोखंडी कपाट बोळात शिरलं, पण दाराशी वळेना. उभं, आडवं, तिरकं, सगळं झालं. शेवटी दोर बांधून छतावर चढवलं आणि जिन्यातून खाली उतरवलं. सरांची बदली झाली तेव्हा त्यांनी कपाटाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "राहू द्या, तुम्हालाच भेट." मग विकत घेणारे आले. चकलांब्याचं ते जोडपं आठवतं? नवऱ्यानं मोबाईल बघून मान डोलावली. बाई बोळातून पुन्हा रस्त्यावर गेली, घराकडे तोंड करून उभी राहिली आणि म्हणाली, "दार तिकडं केलं म्हून घरानं मान वळवली व्हय? तोंड हिकडंच हाय की." रफिकभाईंनी तोंडावर रुमाल धरला.

तिथून पुढं आपला वाद एकच. बसस्टँडसमोरच्या हॉटेलात, दर आठवड्याला. मी म्हणायचो, येईल त्या भावाला दे आणि मोकळा हो. तू म्हणायचास, थांबू. मी विचारायचो, कशासाठी? तू उत्तर द्यायचं टाळून भज्यांची दुसरी प्लेट मागवायचास. वाद अर्धा राहिलाय. तू नेमका कशासाठी थांबला होतास, ते तू सांगितलं नाहीस.

बीडला दवाखान्यात तुला भेटलो तेव्हा तू तब्येतीचं काही बोलला नाहीस. नाकात नळी होती, तरी म्हणालास, "दक्षिणेच्या घराची टाकी भरून ठिव. गिऱ्हाईक हाय."

"कोण?"

"हाय एक. पक्कं हाय."

मी गेवराईला येऊन टाकी भरली. रफिकभाईंना विचारलं, कोण येणार आहे? ते म्हणाले, "माझ्याकडं तर कुणी न्हाई. त्यांनी परस्पर बघितलं आसंल."

तू गेलास त्या सकाळी उत्तमरावांच्या अंगणात त्यांच्या मुलीची हळद होती. हे आम्हाला रुग्णवाहिकेत बसल्यावर आठवलं. मी फोन केला. पलीकडं वाजंत्री ऐकू येत होती, ती थांबली. उत्तमराव म्हणाले, "तुमी घेऊन या. मी मांडव सोडतो." तुझ्या कंजूष घरमालकानं हे एका दमात म्हटलं, याची नोंद असू दे. वहिनींनी माझ्या हातातून फोन घेतला. "सोडू नका, भाऊ. पोरीच्या अंगाला हळद लागलीय. आमचं आमी बघतो." फोन परत देऊन त्या खिडकीबाहेर बघत बसल्या.

मागच्या गाडीत तलवाड्याचे तुझे चुलतभाऊ होते. गाड्या थांबवून ते म्हणाले, गावाकडं नेऊ. वहिनी म्हणाल्या, "गावात आता आपली खुंटी बी न्हाई. वाटा हे कवाच देऊन बसलेत." मग कुठं न्यायचं, असं कुणीतरी विचारलं. रस्त्यावरून उसाचे ट्रॅक्टर जात होते. ते सगळे गेल्यावर वहिनी म्हणाल्या,

"त्यांच्या घरी न्या. दक्षिणेच्या."

मी रफिकभाईंना कळवलं. ते म्हणाले, "भाऊ, बोळातून वळणार न्हाई. कपाट वळलं नव्हतं." तीच गोष्ट माझ्या मनात होती आणि ती मला बोलता येत नव्हती. तुला तिरकं करावं लागलं असतं. नाहीतर दोर बांधून छतावरून. मी हे लिहितोय आणि तू आता हसला असतास, हे मला माहीत आहे, पण त्या वेळी गाडीत हसण्यासारखं काही नव्हतं. मी भागवत मिस्त्रीला घेऊन यायला सांगितलं. ज्यानं दार बुजवलं, त्यानंच ते उघडावं.

आम्ही पोचलो तेव्हा निम्मं काम झालं होतं. रफिकभाई शर्टाच्या बाह्या वर करून विटा उचलत होते. रस्त्यानं चाललेली माणसं थांबून हातभार लावत होती, कुणाचं घर, कोण गेलं, हे विचारता विचारता. दारासमोर विटांचा ढीग आणि सगळ्यांच्या केसांवर पांढरी धूळ. आणि भिंतीत तुझी सागवानी चौकट, आहे तशी. मी भागवतला विचारलं, ही काढली नव्हती का?

"दत्ताभाऊंनीच सांगितलं व्हतं. चौकट ठिव, मातीत विटा लाव, शिमीट फकस्त वरून मार."

"का?"

"ते न्हाई सांगितलं. म्हणले, सांगतो तेवढं कर."

याची दोन कारणं असू शकतात. सागवान महाग, कधीतरी काढून विकता येईल, असा तुझा हिशेब असेल. किंवा दार पुन्हा उघडायचं, हे तू बुजवतानाच ठरवलं असशील. पहिलं कारण तुझ्या स्वभावाला धरून आहे. दुसरं मला हवं आहे. खात्री करून घ्यायला आता कुणी नाही, म्हणून मी कोणतंच पक्कं धरत नाही. वहिनींना भागवतचं बोलणं ऐकू आलं होतं. त्यांनी चौकटीवरून एकदा हात फिरवला आणि पदरानं तिच्यावरची धूळ पुसली.

तुला आत घेतलं ते सरळ. कुठंही थांबावं लागलं नाही, खांदा बदलावा लागला नाही. अंघोळीसाठी मोरीतला नळ सोडला, तर पाणी धो धो आलं. तिथं उभ्या असलेल्या बायकांपैकी एक दुसरीला हळूच म्हणाली, "पाणी चांगलं हाय की घराला." मी बाहेर आलो आणि विटांच्या ढिगावर बसलो. छातीवरचं काहीतरी उतरलं ते तिथं. तुला बाहेर काढलं तेही सरळ. दक्षिणेचं म्हणून ज्यांनी ज्यांनी त्या घराला नाकं मुरडली होती, त्यांतले बरेचजण त्याच दारातून आले आणि गेले. दिशेचा शब्द कुणी काढला नाही.

दिवा त्याच घरात ठेवला. वहिनी त्याच्याजवळ राहिल्या. जेवणाचा डबा उत्तमरावांकडून यायचा. लग्नघरातून सुतकाच्या घरी डबा पाठवू नये, असं त्यांच्याकडे कुणीतरी म्हणालं म्हणे. तरी आला. एक दिवस वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, खोलीवरून पोळपाट-लाटणं आणता का?" आणलं. मग मिसळणाचा डबा. मग गोधड्या. मग शिलाई मशीन, ते उत्तमरावांनी स्वतःच्या टेम्पोतून पाठवलं. दारातून सरळ आत गेलं. सरांच्या त्या कपाटात आता वहिनींच्या साड्या आहेत. पुण्याहून आलेल्या तुझ्या लेकीनं आपल्याबरोबर चल म्हणून आग्रह केला, तर वहिनी म्हणाल्या, "येईन की. पाहुणी म्हून. जाऊन यायला घर लागतंय."

तुझ्याशी शेवटच्या वर्षात मी फक्त विकण्याबद्दल बोललो. दुसरं बोलायचं खूप होतं. तू भिंतीला नाक लावून उभा असायचास, तेव्हा मला तुझा अभिमान वाटायचा, हे कधी सांगितलं नाही. भज्यांची दुसरी प्लेट तू वाद टाळायला मागवायचास, हे मला कळायचं आणि ती प्लेट येईपर्यंत मी मुद्दाम वाद ताणायचो, हेही नाही. तू माझं ऐकून ते घर देऊन टाकलं असतंस, तर त्या सकाळी रस्त्यात गाड्या थांबल्यावर वहिनींकडे सांगायला घरच नसतं. तेव्हा हा वाद तू जिंकलास. कशाच्या जोरावर जिंकलास ते कळलं नाही, पण जिंकलास.

आज सकाळी रफिकभाई एका गिऱ्हाईकाला घेऊन आले. आधी मला बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, मला बी बरं वाटत न्हाई असं येणं. पण दार रस्त्यावर आलं अन् माणसं विचारायला लागली. ह्याला दुकान टाकायचंय. दक्षिण चालती म्हणतोय." माणूस जाकीट घातलेला, बोलायला चांगला. त्यानं सवयीनं मोबाईल काढला, दारात सपाट धरला. वहिनी चौकटीला टेकून मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"काय दावतोय काटा?"

"दक्षिण, मावशी."

"बराबर हाय मंग. बिघडला न्हाई."

तो हसला. घर द्यायचं आहे का, असं त्यानं आधी रफिकभाईंना आणि मग मला विचारलं. मी वहिनींकडे पाहिलं.

"भाऊजी, त्यांना सांगा, घर गेलं," वहिनी म्हणाल्या. "कुणी घेतलं म्हणले तर म्हणा, हितं मेथी निवडत बसलीय तिनं."

रफिकभाईंनी पुन्हा तोंडावर रुमाल धरला. या वेळी तो त्यांनी डोळ्यांपर्यंत नेला. मग वहिनी उठल्या आणि आलेत तर चहा घेऊन जा, असं त्या माणसाला म्हणाल्या. त्या आत गेल्या, गॅस पेटवला, दुधाचं पातेलं ठेवलं. मी दारातून बघत होतो. दूध वर चढलं तशी वहिनींनी आच कमी केली. एक थेंब बाहेर गेला नाही. सगळं चहात गेलं.